काढलेली पाने नष्ट करावीत

मी एक ग्रंथ आहे, आणि माझे एकही पान कायमचे माझे नाही.

बुचकळ्यात पडू नका. तुम्ही पाहिलेली पुस्तके दोऱ्याने शिवलेली असतात. जे पान जिथे शिवले, तिथेच ते म्हातारे होते. माझे तसे नाही. माझ्या पाठीच्या आत पोलादाच्या चार कड्या आहेत आणि खालच्या टोकाला एक खटका. खटका दाबला की 'कट्' असा आवाज होतो आणि चारही कड्या एकदम तोंड उघडतात. जुने पान बाहेर, नवे पान आत, पुन्हा 'कट्'. नियम बदलला की मी बदलतो. वकील मंडळी मला 'सुट्या पानांचा ग्रंथ' म्हणतात.

माझा जन्म बांधणीच्या कारखान्यात झाला. आत जाड पुठ्ठा, वर गडद तांबडे रेक्झिन. तिथे कड्या बसवणाऱ्या एक मावशी होत्या. प्रत्येक ग्रंथाचा खटका त्या तीनदा वाजवून पाहत, तोही डोळे मिटून. माझा वाजवला आणि शेजारणीला म्हणाल्या, "हा सरळ बोलतो. जाऊ दे याला."

मग माझ्यात पाने भरली गेली. एकूण सहाशे बारा. परिचारिका कोणी व्हावे, विजेच्या खांबावर कोणी चढावे, दात कोणी काढावा, नाव कोणी वल्हवावी, अशा सगळ्या व्यवसायांच्या नोंदणीचे ते नियम. पहिल्या रात्री गठ्ठ्यात पडल्यापडल्या मी ते स्वतःशीच वाचले आणि थक्क झालो. कुठल्यातरी दवाखान्यात कुणीतरी सुई हातात धरते, आणि आजारी माणूस निर्धास्तपणे दंड पुढे करतो. त्या दोघांच्या मध्ये माझ्यातली एक ओळ उभी असते, आणि दोघांनाही ती माहीत नसते! अंग रेक्झिनचे नसते, तर माझ्या अंगावर काटा आला असता.

मला जागा मिळाली ती वकील संघाच्या ग्रंथालयात. न्यायालयाच्या इमारतीचा दुसरा मजला. लांब टेबल, त्याच्या एका पायाखाली घडी केलेला पुठ्ठा. चाकांची शिडी, एक चाक कुरकुरणारे. खुंट्यांवर काळे कोट. खालच्या मजल्यावरून पुकारा करणाऱ्या शिपायाचा आवाज यायचा, आणि एखादे नाव ऐकून कुणीतरी वकील अर्धा चहा टाकून जिन्याकडे धावायचा.

या खोलीचे राज्य ग्रंथपाल बाईंकडे होते. त्यांना सगळे नुसते 'बाई' म्हणत. अंगठ्यावर रबराची टोपी, कानामागे पेन्सिल, आणि चष्मा बुटाच्या काळ्या नाडीने गळ्यात अडकवलेला.

दर महिन्याला माझ्यासाठी एक पाकीट येई. त्यात नवी पाने आणि वर एक पिवळा कागद. त्या कागदावर दोन रकाने: 'ही पाने काढा' आणि 'ही पाने घाला'. आणि सगळ्यात खाली ठळक अक्षरांत एक ओळ: 'काढलेली पाने नष्ट करावीत.'

पाकीट आले की बाई हात धुऊन येत. नवे पान आत घालण्याआधी ते पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचत. एकदा एक वकील म्हणाले, "बाई, तुम्हाला कुठे दावा चालवायचाय? वाचता कशाला एवढं?"

"घरात राहायला आलेल्याचं नाव-गाव तरी विचारू की नको?" बाई म्हणाल्या.

पिवळ्या कागदावरचे सगळे त्या ऐकत, फक्त शेवटची ओळ ऐकत नसत. काढलेल्या प्रत्येक पानाच्या कोपऱ्यात त्या पेन्सिलीने लिहीत, 'अमुक तारखेपर्यंत जिवंत'. मग ते पान कोपऱ्यातल्या लोखंडी कपाटात जाई. त्या कपाटाला वकिलांनी नाव ठेवले होते 'पेन्शनर'.

"बाई, पेन्शनर मंडळी काय म्हणतायत? गुडघे दुखतायत का?"

"तुमच्यापेक्षा ताठ आहेत," बाई म्हणत आणि पुढचे पान उचलत.

खरे सांगतो, तेव्हा मीही मनातल्या मनात हसायचो. माझ्या अंगावर मूठभर मांस चढले होते. शेजारच्या फळीवरचे शिवलेले ग्रंथ पिवळे पडत चालले होते आणि मी दर महिन्याला नवा! जे गेले ते गेले. माझ्यात काल नव्हता, फक्त आज होता. त्या आजचा मला भलताच गर्व होता.

वकिलीची सनद मिळाली म्हणजे शिकणे संपले, असे तुम्हाला वाटत असेल. तसे नसते. आमच्याकडे प्रत्येक वकिलाला वर्षाला बारा तास शिकावे लागे. नाहीतर सनद अडत असे. म्हणून दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी सकाळी याच खोलीत वर्ग भरायचा. खुर्च्या ओढल्या जायच्या, हजेरीचा कागद फिरायचा. कागद फिरून परत आला की निम्म्या खुर्च्या रिकाम्या झालेल्या असत. कुणी दोघांच्या सह्या करी. बाई त्या कागदाकडे पाहत आणि चष्मा नाडीवर सोडून देत.

त्या वर्गातले एक कायमचे विद्यार्थी म्हणजे तारीखसाहेब. हे त्यांचे खरे नाव नव्हे. साठी ओलांडलेले वकील, न्यायाधीशांसमोर उभे राहिले की तोंडातून पहिले वाक्य निघायचे, "पुढची तारीख मिळावी." ते मात्र सही करून पळत नसत. पंख्याखालची खुर्ची पकडत आणि तिथेच झोपत. कुणी हटकले तर म्हणत, "झोपेत ऐकलेलं जास्त मुरतं."

आता मी ज्या शनिवारासाठी तोंड उघडले आहे, त्या शनिवाराकडे येतो.

त्या दिवशी शिकवायला एक तरुण गुरुजी आले होते. कायद्याचा साठा संगणकावर ठेवणाऱ्या एका कंपनीचे. इस्त्रीचा शर्ट, हातात प्रकाशाचा ठिपका फेकणारी कांडी. भिंतीवर पांढरा पडदा लावला होता. "आता पुस्तकं विसरा," ते म्हणाले. "एका टिचकीत अख्खा कायदा. आणि तोही आजचा." बाई माझ्या शेजारी उभ्या होत्या. त्यांनी माझ्या पाठीवर नुसता हात ठेवला.

"कुणाला काही शोधून हवंय? खरंखुरं प्रकरण सांगा."

पहिल्या रांगेतून एक मुलगी उभी राहिली. सनद मिळून तिला जेमतेम दीड वर्ष झाले होते. कोटाच्या बाह्या बोटांपर्यंत येत होत्या. कोट बहुधा थोरल्या बहिणीचा असावा. ती आमच्याकडे रोज यायची आणि ग्रंथ जागेवर परत ठेवायची, म्हणून बाईंची लाडकी होती.

"परिचारिकांच्या नोंदणीचे नियम. सतरावा नियम," ती म्हणाली. "सोमवारी सुनावणी आहे. आमच्या सिस्टर बाहेर बाकावर बसल्यात."

"बोलवा की त्यांना आत!"

सिस्टर आत आल्या. पन्नाशीच्या आसपास. हातातली पिशवी त्यांनी दोन्ही हातांनी पोटाशी धरली होती. खुर्ची दिली तरी त्या कडेवरच टेकल्या.

त्यांची हकिगत नव्या वकील मुलीने चार वाक्यांत सांगितली. सिस्टर बावीस वर्षे परिचारिका. परिचारिकांनाही वकिलांसारखेच, दर तीन वर्षांच्या नोंदणी-काळात ठरावीक तास शिकावे लागते. सिस्टरांच्या सासूबाईंना अर्धांगवायू झाला आणि दोन वर्षे त्या अंथरुणाला खिळल्या. सिस्टरांनी बिनपगारी रजा घेतली आणि त्यांचे सगळे केले. शिकण्याचे तास राहून गेले. तीन वर्षांचा काळ संपला, तशी परिचारिका परिषदेने त्यांचे नाव नोंदवहीतून काढून टाकले. दवाखान्याने दया म्हणून घरी पाठवले नाही, पण चादरींच्या कोठीत बसवले. रोग्याला हात लावायचा नाही.

"म्हणजे अभ्यासक्रम बुडवला," मागून कुणीतरी म्हणाले.

सिस्टर वळल्या. आवाज चढला नाही. "दोन वर्षं दर दोन तासांनी कूस बदलली त्यांची. नळीनं भरवलं. पाठीला एक जखम होऊ दिली नाही. शेवटच्या दिवशी डॉक्टर म्हणाले, अशी पाठ आमच्या वॉर्डातही पाहायला मिळत नाही. मी दुसरं काय करत होते हो त्या दोन वर्षांत?"

ज्यांनी मित्राची सही केली होती, ते खिडकीबाहेर पाहू लागले.

गुरुजींनी टिचकी मारली. पडद्यावर सतरावा नियम आला. "पहा! दोन सेकंदसुद्धा लागले नाहीत!"

नव्या वकील मुलीने तो वाचला आणि तिचा चेहरा पडला. तास पूर्ण नसतील तर नाव कमी करावे. बस. पुढे पूर्णविराम. माझ्या दोनशे चौदाव्या पानावरही शब्दन् शब्द तेच होते. तिने ते पान महिनाभर रोज उघडून पाहिले होते. जणू रोज पाहिले की एखादे दिवशी पूर्णविरामाच्या पुढे काही उगवेल.

"यात कसलीच सवलत नाही?"

"नियम हाच. अगदी ताजा."

"मग सोमवारी मी काय मागू?"

पंख्याखालून आवाज आला, "तारीख माग."

सगळे हसले. सिस्टरही हसल्यासारख्या झाल्या, पण पिशवीवरची बोटे पांढरी पडली होती.

तेवढ्यात बाई बोलल्या. या वर्गात त्या कधी बोलत नसत. "नियम कोणत्या दिवसाचा हवाय?"

"म्हणजे?" गुरुजी म्हणाले.

"कोणत्या दिवसाचा?"

"आजचा, बाई. आमच्याकडे नेहमी आजचाच असतो."

"आजचा तर माझ्या या ग्रंथातही आहे. पण सिस्टरांची तीन वर्षं काही आज सुरू झाली नाहीत."

माझ्या कड्या थंडगार पडल्या. मला ते पान आठवले. पातळसे, वरचा कोपरा दुमडलेले. दीड वर्षापूर्वी ते माझ्यातून गेले, तेव्हा मला हलके वाटले होते. एक जुनाट पाहुणा गेला म्हणून मी खूश झालो होतो. त्यावर काय लिहिले होते ते आठवायचीही मी तसदी घेतली नव्हती.

बाईंनी पेन्शनर कपाट उघडले. तारखांच्या चिठ्ठ्या लावलेले चपटे खोके एकावर एक रचलेले होते. त्यांनी वरून पाचवा खोका काढला. रबराची टोपी कागदांवरून सरसर फिरली आणि थांबली.

"वाच," त्या मुलीला म्हणाल्या. "मोठ्यानं वाच."

मुलीने वाचले. "'अंथरुणाला खिळलेल्या आप्ताच्या शुश्रूषेमुळे ज्या परिचारिकेस विहित तास पूर्ण करता आले नाहीत, तिने ते पुढील एका वर्षाच्या आत पूर्ण करावेत. तोपर्यंत तिचे नाव नोंदवहीतून कमी करू नये.'"

वाचून होताच तिने ते पान सिस्टरांपुढे धरले.

मी त्या क्षणी काय अनुभवले ते कसे सांगू? फार वर्षांपूर्वी कुठल्याशा कचेरीत कुणीतरी टेबलाशी बसले होते. त्याने या सिस्टरांना कधी पाहिले नव्हते. त्यांच्या सासूबाईंना पाहिले नव्हते. तरी लेखणी थांबवून त्याने विचार केला असेल, एखादीच्या घरी असे झाले तर? आणि तिच्यासाठी दोन वाक्ये लिहून ठेवली. न पाहिलेल्या माणसासाठी, न आलेल्या दिवसासाठी! माणसे एवढी मोठी असू शकतात, हे मला माझ्यातल्या सहाशे बारा पानांनी शिकवले नव्हते. बाहेर टाकलेल्या एका पानाने शिकवले.

पण तारीखसाहेब आता पुरते जागे झाले होते. "बाई, पान छान आहे. पण ते काढलेलं आहे. परिषदेचा वकील पहिल्या फटक्यात म्हणेल, हा नियम आता नाही. मग?"

सिस्टरांनी नुकताच सोडलेला श्वास पुन्हा धरला.

"नियम बदलला तो कशानं?" बाईंनी विचारले.

"राजपत्रातल्या अधिसूचनेनं," मुलगी म्हणाली. आणि एकदम तिच्या ध्यानात आले. तिने माझा खटका दाबला, दोनशे चौदावे पान बाहेर काढले आणि तळाची बारीक अक्षरे वाचली. तिथे त्या अधिसूचनेचा क्रमांक होता. "मी फक्त बदललेला नियम वाचला. बदलणारा कागद वाचलाच नाही!"

राजपत्रांचे गठ्ठे पोटमाळ्यावर होते. खाली घ्यायचे तर शिडी, आणि वर धुळीचा थर. तारीखसाहेबांना दम्याचा त्रास. त्यांनी कोट काढून खुंटीला लावला.

"सर, तुम्ही नका," मुलगी म्हणाली.

"गप गं. चाळीस वर्षं तारखाच मागितल्या. एकदा तारीख शोधून तरी पाहू दे." आणि ते कुरकुरत्या शिडीवर चढले.

वर्ग केव्हाच संपला होता. हजेरीचा कागद टेबलावर तसाच पडला होता, पण गंमत म्हणजे कुणी उठून गेले नव्हते. वरून शिंका येत होत्या, खाली गठ्ठे येत होते. इस्त्रीच्या शर्टाचे गुरुजी जमिनीवर मांडी घालून सुतळ्या सोडत होते. सिस्टर मधेच उठल्या आणि तारीखसाहेबांना म्हणाल्या, "पायरीवर बसा. तोंडानं नको, नाकानं श्वास घ्या. हळू." त्यांनी शहाण्या मुलासारखे ऐकले.

दुपारी एकच्या सुमारास मुलीला ती अधिसूचना सापडली. तीन पाने. पहिल्या दोन पानांवर बदल. तिसऱ्या पानावर सही-शिक्क्याच्या जरासे वर शेवटचे कलम: 'ही सुधारणा अमलात येण्यापूर्वी सुरू झालेल्या नोंदणी-काळास पूर्वीचाच नियम लागू राहील.'

"सिस्टर, तुमची तीन वर्षं कधी सुरू झाली?"

सिस्टरांनी पिशवीतून प्लॅस्टिकच्या पिशवीत, तिच्या आत रुमालात गुंडाळलेले प्रमाणपत्र काढले. तारीख सुधारणेच्या आधीची होती. तब्बल दोन वर्षे दोन महिने आधीची.

कुणीही टाळ्या वाजवल्या नाहीत. तारीखसाहेब रुमालाने नाक पुसत राहिले. मुलगी पुन्हा पुन्हा त्या एका ओळीवर बोट फिरवत राहिली. ती ओळ माझ्यात कधी आलीच नव्हती. छापणाऱ्यांनी नवा नियम तेवढा छापला. कुणाला तो लागू नाही हे सांगणारे कलम मागेच राहिले. मी अद्ययावत होतो, आणि अपुरा होतो.

सोमवारी मी आयुष्यात पहिल्यांदा खोलीबाहेर पडलो. मुलगी मला छातीशी धरून जिना उतरली. तिचे काळीज माझ्या पुठ्ठ्यावर धडधडत होते. मागून बाई आल्या, हातात जुने पान आणि राजपत्र. तारीखसाहेब आपले काम नसताना मागच्या बाकावर येऊन बसले.

परिषदेचे वकील सभ्य गृहस्थ होते. त्यांनी दोनशे चौदावे पान वाचून दाखवले आणि म्हणाले, "सिस्टरांबद्दल मला आदर आहे, साहेब. पण नियम स्पष्ट आहे."

न्यायाधीशांनी आपल्या टेबलावरचा ग्रंथ उघडला. माझाच भाऊ तो, तसाच तांबडा. त्यातही तेच नवे पान. त्यांनी मान डोलावली आणि मुलीकडे पाहिले. "तुम्हाला काय म्हणायचंय?"

ती उभी राहिली. कोटाच्या बाह्या तिने मागे सारल्या. मला वाटले होते ती भाषण करील. ती एवढेच म्हणाली, "साहेब, हा नियम आजचा आहे. माझी अशील त्या दिवशीची आहे."

मग तिने जुने पान पुढे केले.

"हे तर काढून टाकलेलं पान!" परिषदेचे वकील म्हणाले.

"होय. म्हणून राजपत्रही आणलंय."

न्यायाधीशांनी शेवटचे कलम वाचले. पुन्हा वाचले. चष्मा काढून पुसला आणि तिसऱ्यांदा वाचले. मग सिस्टरांच्या प्रमाणपत्रावरची तारीख पाहिली. त्यांनी आपला ग्रंथ मिटला आणि त्याच्यावर तळवा ठेवला.

"माझ्याकडे हेच नवं पान आहे, तुमच्याकडेही हेच," ते परिषदेच्या वकिलांना म्हणाले. "आपण दोघंही अगदी अद्ययावत होतो. आणि दोघं मिळून या सिस्टरांचं नाव पुसणार होतो." मग जुन्या पानाच्या कोपऱ्यातली पेन्सिलीची अक्षरे त्यांनी निरखली. "हे 'जिवंत' कुणी लिहिलंय?"

बाई उभ्या राहिल्या. "मी, साहेब."

"पिवळ्या कागदावर तर नष्ट करा असं असतं ना?"

"असतं, साहेब." बाई म्हणाल्या. "मी नोकरीला लागले त्या वर्षी एक म्हातारे टपालवाले आले होते. त्यांना ते कामावर लागले त्या सालचा नियम हवा होता. मी पानं रद्दीत घातली होती. ते म्हणाले, 'असू दे, बाई,' आणि जिना उतरून गेले. त्यांचं पुढं काय झालं, मला माहीत नाही. तेव्हापासून एकही पान टाकलेलं नाही."

न्यायाधीशांनी राजपत्र मिटले. त्यांनी लेखनिकाकडे वळून निकाल सांगायला सुरुवात केली. नाव पूर्ववत करावे. राहिलेले तास पूर्ण करण्यास एक वर्ष द्यावे. हातातले जुने पान मात्र ते बोलणे संपेपर्यंत त्यांनी खाली ठेवले नाही.

सिस्टर रडल्या नाहीत. बाहेर आल्यावर त्यांनी एवढेच विचारले, "म्हणजे उद्यापासून मी वॉर्डात जाऊ?" मुलीने मान हलवली. तेव्हा त्या भिंतीला टेकल्या आणि आपल्या दोन्ही तळव्यांकडे पाहत राहिल्या.

त्यानंतर वर्षभर एक नवा माणूस आमच्या शनिवारच्या वर्गाला येत राहिला. सिस्टरांच्या घरी अभ्यासाला कोपरा नव्हता, म्हणून बाईंनी त्यांना टेबलाचे टोक दिले होते. पुढे वकील शिकत, टोकाला सिस्टर आपला अभ्यास करत. त्यांच्यादेखत सही करून पळायची कुणाची छाती झाली नाही. तारीखसाहेब अजूनही झोपत, पण मधेच डोळे उघडून विचारत, "कोणत्या दिवसाचा?" आणि पुन्हा झोपत. संगणकाचे गुरुजी एकदा मुद्दाम बाईंना काहीतरी दाखवायला आले. पडद्यावर आता एक चौकट होती. नियम दाखवण्याआधी पडदा विचारत होता, 'कोणत्या तारखेचा नियम पाहायचा आहे?' त्या चौकटीसाठी पेन्शनर कपाटातली सगळी पाने त्यांनी एक एक करून संगणकात उतरवून नेली होती. बाईंनी चष्मा लावून ती चौकट पाहिली. "बरं झालं," म्हणाल्या. "आता मी आजारी पडले तरी चालेल."

माझ्या पाकिटांची वर्गणी त्याच वर्षी बंद झाली. यात कुणाचा दोष नाही. पडद्याकडे आता माझ्यापेक्षा जास्त आहे आणि प्रश्न विचारायची बुद्धीही आहे. बाईंनी माझ्या पहिल्या पानावर पेन्सिलीने तारीख घातली, पुढे 'जिवंत' लिहिले आणि मला पेन्शनर कपाटात नेऊन ठेवले. एके काळी ज्यांना हसलो, त्यांच्याच शेजारी. मी त्यांची माफी मागितली. ती फार थोर मंडळी आहेत. त्यांनी विषय वाढवला नाही.

तुम्ही शिकलेली माणसे आहात, रोज नवे शिकत राहणार आहात, राहायलाच हवे. माझी एकच विनवणी आहे. नवे पान घ्या, पण जुने फेकण्याआधी त्यावर तारीख लिहा. आणि कुणी दाराशी आले, तर नियम सांगण्याआधी विचारा, 'हे कधी घडलं?' त्या दिवशी त्या माणसासाठी कुणीतरी काही लिहून ठेवलेले असू शकते.

गेल्या शनिवारी सिस्टर आल्या होत्या, तास पूर्ण झाल्याचा दाखला घेऊन. कपडे वॉर्डातले, पांढरेशुभ्र. त्यांनी बाईंना दाखला दाखवला आणि म्हणाल्या, "ते पान एकदा पाहू का?"

बाईंनी खोका उघडला. सिस्टरांनी पान टेबलावर ठेवले. वाचले नाही, पाठच असावे. वरचा कोपरा दुमडलेला होता. बिछान्यावरची चादर सारखी करावी, तसा त्यांनी तो कोपरा अंगठ्याने दाबून सरळ केला.

"कुठं ठेवू?" त्यांनी विचारले.

बाईंनी मला कपाटातून उचलले आणि दोनशे चौदावे पान उघडले. "आता याला पिवळा कागद येत नाही. इथंच ठेवा, नव्याच्या शेजारी."

सिस्टरांनी खटका दाबला. चारही कड्या उघडल्या. ते पातळसे पान माझ्यात परत आले.

कट्.

मावशी म्हणाल्या होत्या, हा सरळ बोलतो. मला वाटते, त्या दिवशी मी पहिल्यांदा पुरते बोललो.